घड्याळ, वजनकाटा आणि तिसरा घात

‘पात्रांव, रीमॅप करून घे, 60 हॉर्सपॉवर वाढतात!’ गोव्यातल्या डिझेल पिकअपवाल्यांच्या फोनवर सध्या अशा जाहिरातींचा पाऊस आहे. रीमॅप म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकातली मांडणी बदलणं. वाढतात की नाही, हे विचारलं की उत्तर ठरलेलं: ‘चालवून बघ, फरक कळेल.’ आता नुकतेच हजारो रुपये मोजलेल्या माणसाला फरक न कळून कसं चालेल?

इंजिनाची ताकद मोजायला डायनो नावाचं यंत्र असतं. चाकं रोलरवर फिरवायची आणि आकडा वाचायचा. ते नसलं तरी अडत नाही. ड्रॅग शर्यतीची 402 मीटरची सरळ, बंद पट्टी, घड्याळ आणि वजनकाट्याची पावती एवढ्यावर ताकदीचा बऱ्यापैकी अंदाज बांधता येतो. 402 मीटर म्हणजे पाव मैल. अमेरिकेतले शौकीन कित्येक दशकं हेच करत आले आहेत.

सूत्रं दोन आहेत:

हॉर्सपॉवर = वजन × (7.58 ÷ वेळ)³
हॉर्सपॉवर = वजन × (वेग ÷ 289)³

वजन किलोत, चालक आणि टाकीतल्या डिझेलसकट. वेळ सेकंदांत. वेग म्हणजे पट्टीच्या शेवटच्या 20 मीटरमधला सरासरी वेग, ताशी किलोमीटरमध्ये. मूळ सूत्रं पौंड आणि मैलांत आहेत, तिथे हे आकडे 5.825 आणि 234 असे दिसतात. मी ते आपल्या मापांत बदलून घेतले.

आकडे राहू द्या बाजूला. मला या सूत्रांतला तो तिसरा घात आवडतो. वर्ग का नाही, सरळ गुणोत्तर का नाही, घनच का? उत्तर नववीच्या पुस्तकातच आहे, फक्त कुणी तिथून इथवर चालत आणत नाही.

इंजिन पूर्ण ताकदीने चाललंय आणि गीअर असे पडताहेत की ती ताकद सतत तेवढीच राहते, असं धरा. ताकद म्हणजे दर सेकंदाला दिलेली ऊर्जा. म्हणजे t सेकंदांत गाडीला मिळालेली ऊर्जा ताकद × t. ही सगळी गतिज ऊर्जेत जाते आणि गतिज ऊर्जा ½mv². याचा अर्थ वेगाचा वर्ग वेळेच्या प्रमाणात वाढतो. चौपट वेळ गेला तर वेग फक्त दुप्पट. सुटताना गाडी जशी उसळते तशी पुढे उसळत नाही, ती यामुळेच. ताकद तीच असते, पण ताकद म्हणजे बल गुणिले वेग, म्हणून वेग वाढला की ढकलणारं बल तेवढंच घटतं.

आता अंतर. अंतर म्हणजे सरासरी वेग गुणिले वेळ. वेग वेळेच्या वर्गमुळासारखा वाढतो, त्याला पुन्हा वेळेने गुणलं की अंतर वेळेच्या दीडाव्या घातात वाढतं. दोन्ही बाजूंचा वर्ग केला की दीडचे तीन होतात: अंतराचा वर्ग हा वेळेच्या घनाच्या प्रमाणात. (ग्रहांच्या फेऱ्यांबद्दलच्या केप्लरच्या तिसऱ्या नियमातही एका बाजूला वर्ग आणि दुसऱ्या बाजूला घन असतो, फक्त तिथे घन अंतराचा आणि वर्ग काळाचा. कारणं अगदी वेगळी आहेत, पण मला ही उलटापालट बघून मजा वाटते.) पट्टीचं अंतर ठरलेलं, म्हणून ताकद भागिले वजन हे वेळेच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात येतं. त्याच वाटेने गेलं तर शेवटच्या वेगाच्या घनाच्या सम प्रमाणात.

17 सेकंदांत पट्टी संपवणाऱ्या गाडीचं घ्या. सव्वाचार सेकंदांत तिचा निम्मा वेग झालेला असतो, पण अंतर कापलेलं असतं फक्त एक-अष्टमांश, म्हणजे 50 मीटर. उरलेला निम्मा वेग मिळवायला पावणेतेरा सेकंद आणि साडेतीनशे मीटर लागतात.

या शुद्ध गणितातून येणारे स्थिरांक मात्र 7.58 आणि 289 नाहीत. ते येतात 6.25 आणि 348. फरक किरकोळ वाटेल, पण घन केल्यावर कळतं की इंजिनाच्या 100 पैकी साधारण 57 हॉर्सपॉवरच आपल्या आदर्श गणिताप्रमाणे वागतात. बाकीचे गीअरबॉक्स आणि डिफरन्शियलचं घर्षण, फ्लायव्हील आणि चाकं फिरवणं, टायर, हवा, गीअर बदलतानाचे रिकामे क्षण यांत जातात. तो हिशेब कागदावर मांडणं अवघड, म्हणून स्थिरांक पट्टीवरून घेतले गेले. रॉजर हंटिंग्टन या अमेरिकन मोटार-पत्रकाराने गाड्यांच्या नोंदींवरून घनमुळाचा नियम काढला (शेवटचा वेग हा ताकद भागिले वजन याच्या घनमुळाच्या प्रमाणात), त्याचा स्थिरांक 234 च्या जागी 225 होता. तो नियम घनमुळाचाच का, हे 1973 साली जेफ्री फॉक्स या भौतिकशास्त्रज्ञाने मांडून दाखवलं.

‘हे पेट्रोलवाल्यांचं झालं, डिझेलला टॉर्क असतो’ हा आक्षेप हमखास येतो. टॉर्क, म्हणजे फिरवणारा जोर, असतोच. पण गीअरबॉक्स टॉर्क हवा तेवढा वाढवून देतो आणि त्या बदल्यात फेरे कमी करतो. त्याला ताकद मात्र वाढवता येत नाही. डिझेलचं वेगळेपण दुसरीकडे आहे: टर्बो, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा. सुटताना त्याला हवेचा दाब उभा करायला क्षणभर लागतो. घड्याळ गाडी जागची हलल्यावर सुरू होतं, त्यामुळे इशारा झाल्यावर निघायला चालकाने केलेला उशीर मोजला जात नाही, पण टर्बोची ढिलाई मोजली जाते.

समजा 2,300 किलोच्या पिकअपने 17.4 सेकंद घेतले आणि शेवटी ताशी 130 चा वेग गाठला. वेळेवरून येतात 190 हॉर्सपॉवर, वेगावरून 209. मी 209 वर जास्त विश्वास ठेवीन. सुरुवातीला हुकलेला अर्धा सेकंद वेळेत कायमचा राहतो, शेवटच्या वेगावर मात्र त्याचा परिणाम थोडाच होतो. शिवाय पिकअप उंच आणि चौकोनी. ताशी 130 ला एकटी हवाच 40-45 हॉर्सपॉवर खाते, म्हणजे खरा आकडा 209 च्या थोडा वरच असावा.

आता त्या जाहिरातीकडे या. 200 चे 260 झाले तर ताकद 1.3 पट, त्याचं घनमूळ 1.09. म्हणजे 17.4 सेकंदांचे 15.9 व्हायला हवेत. दीड सेकंद कुणाच्याही घड्याळात दिसतो. पण कुणी 20 च वाढतात म्हणाला तर फरक अर्ध्या सेकंदाचा, तेवढा क्लच सोडण्यातच इकडचा तिकडे होतो. फोनमधलं जीपीएस बहुधा सेकंदाला एकदाच जागा नोंदवतं. 17 सेकंदांत एका सेकंदाची चूक म्हणजे ताकदीत जवळपास 18 टक्क्यांची. तिसरा घात चुकाही तिप्पट करतो.

खंडेनवमीला ट्रकला झेंडूच्या माळा घालाव्यात, गाडी देखणी दिसते. पण बंपरच्या लिंबू-मिरचीने सेकंद कमी होत नाहीत, आणि डिझेलच्या पाइपला चिकटवायच्या चुंबकांनीही नाहीत. लिंबू निदान दहा रुपयांत येतं. चुंबकवाला ‘रेणूंची रचना बदलते’ म्हणतो आणि वर पैसे घेतो. डिझेलचे रेणू चुंबकाला जवळजवळ दादच देत नाहीत.

आणि डिचोली-साखळीकडचा खनिजाचा टिपर? 16 टन भरलेला, 130 हॉर्सपॉवरचा. सूत्र म्हणतं पाव मैलाला 38 सेकंद, शेवटी ताशी 58. प्रत्यक्षात त्याहून जास्त लागतील, कारण तेवढ्यात कितीतरी गीअर बदलायचे आणि प्रत्येक बदलात ओझं मागे ओढतं. इथे सूत्र सोडून द्यावं आणि घाट पकडावा.

वाफेच्या इंजिनवाल्या जेम्स वॅटने हॉर्सपॉवर ठरवली तीच वजन वर उचलण्यावरून: मिनिटाला 33,000 पौंड एक फूट. सेकंदाला एक टन एक मीटर वर न्यायला 13 हॉर्सपॉवर लागतात. चोर्ल्याला किंवा अनमोडला 7 टक्के चढाचा सरळ तुकडा मिळाला आणि टिपर ताशी 25 ने एका वेगात चढत असेल, तर तो सेकंदाला जवळपास अर्धा मीटर वर जातो. 16 टनांना सुमारे 102 हॉर्सपॉवर. टायरांचे 12 धरा, गीअरबॉक्सची गळती धरा, इंजिनाला 135 च्या आसपास द्यावे लागतात. वजनाचा प्रश्न नाही, खनिजाच्या गाडीची काट्याची पावती असतेच. चढ मात्र नकाशाच्या समोच्च रेषांवरून काढा, कारण नुसत्या डोळ्याला 5 आणि 7 टक्के सारखेच दिसतात आणि उत्तर तेवढ्यानेच 30 हॉर्सपॉवरने घसरतं.