जाड माणसाची जॉगर पँट सैल शिवली की झालं? नाही हो!

जाड माणसाची पँट म्हणजे मापात सगळीकडून दोन-दोन इंच वाढवायचे, हे शिवणकाम शिकताना प्रत्येकीने ऐकलेलं असतं आणि मीही तसंच कापायचे, मग पायात तंबू आणि खाली बसलं की मागून पँट सरकलेली!! अहो, बहुतेक वेळा घेर कमी नसतोच, आसन (पुढच्या कंबरेपासून पायांमधून मागच्या कंबरेपर्यंतची लांबी) कमी असतं. पोट आणि सीट भरलेली असली की कापडाला वळसा घालून जायला लांबीही लागते, नुसती रुंदी पुरत नाही. टेप कंबरेला पुढून धरा, पायांमधून मागे कंबरेपर्यंत न्या, हे खरं माप. पुढचं आणि मागचं वेगवेगळं लिहा, मागचं बहुतेक वेळा जास्तच निघतं.

मग मागच्या भागाच्या कागदी कटिंगला सीटच्या रेषेवर आडवा काप देऊन मधल्या शिवणीकडे दीड-दोन इंच उघडायचा, बाजूच्या शिवणीकडे शून्य. मांड्या घासत असतील तर आसनाचं टोक अर्धा-पाऊण इंच बाहेर काढा किंवा कळी (पायांमध्ये जोडायचा कापडाचा तुकडा) घाला. मोहरी (पायाचा खालचा घेर) मात्र वाढवू नका, घोट्याचं माप वेगळंच असतं ना. लायक्रावाल्या होजिअरीला बॉलपॉइंट (गोलसर टोकाची) सुई आणि बारीक झिगझॅग, साध्या टाक्याची शिवण बसताना टर्रकन उसवते (लग्नघरात झालंय माझं). इलास्टिक दीड-दोन इंच रुंद घ्या, बारीकवालं पोटावर गुंडाळतं.