पार्श्वभूमी : बाटलीतली निलगिरी आणि रस्त्याकडेची निलगिरी

सर्दी झाली की रुमालावर दोन थेंब, छाती भरली की खोबरेल तेलात मिसळून चोळायला चार थेंब, आणि वाफारा घ्यायचा तर पातेल्यात कोपऱ्यावरच्या झाडाची मूठभर पाने. तिन्ही वेळा आपण ‘निलगिरी’ हाच शब्द वापरतो. पण बाटलीवर ज्या झाडाचे नाव चालते ते महाराष्ट्राच्या पठारावर क्वचितच दिसते, आणि कोपऱ्यावर उभे असलेले झाड तेलासाठी लावलेलेच नाही. कोणती पाने उकळावीत, कोणते तेल हुंगावे, कोणते डासांसाठी ठेवावे, या बाबतीतला निम्मा घोळ या एका शब्दाने घातला आहे.

आधी पर्वताचे. निलगिरी हे डोंगराचे नाव जुने आहे, बाराव्या शतकातल्या होयसळ शिलालेखांत ते सापडते. झाड तिथे १८४३ च्या सुमारास आले. म्हणजे झाडांच्या निळसर छटेवरून पर्वताला नाव पडले ही आवडती समजूत उलटी आहे. ती पसरायला कारणही आहे, कारण या झाडाची कोवळी पाने खरोखरच निळसर-राखाडी असतात आणि इंग्रजीतही त्याला ‘ब्लू गम’ म्हणतात. मराठीत मात्र हे नाव बहुधा तेलाबरोबर आले. देवगड हापूस किंवा कोल्हापुरी चप्पल म्हणावे तसे ‘निलगिरीचे तेल’, म्हणजे निलगिरी डोंगरातून येणारे तेल. पुढे ‘चे’ गळाले, तेलाचे नाव झाडाला लागले आणि मग त्या झाडाच्या साऱ्या भावकीला. शेजारच्या तमिळमध्ये याच झाडाला ‘तैलमरम’ म्हणतात, तेलाचे झाड. तिथे डोंगराचे नाव झाडाला देण्याची गरजच पडली नाही.

दुसरा गुंता अधिक अवघड आहे, आणि त्याकडे दुर्लक्ष होते याचे वाईट वाटते. ‘आयुर्वेदात निलगिरीला तैलपर्ण म्हणतात, हजारो वर्षांपासून तिचा वापर होतो’ असे वाक्य आता सर्रास वाचायला मिळते. तैलपर्ण हे नाव आजच्या काही वनौषधींच्या पुस्तकांत युकॅलिप्टससाठी, म्हणजे निलगिरीसाठी, आहे, हे खरे. पण हे झाड मूळचे ऑस्ट्रेलियाचे. अठराव्या शतकाच्या अखेरीपूर्वी ते भारतात असल्याचा पुरावा नाही, मग चरक-सुश्रुतांनी ते वापरले कसे? गंमत अशी की ‘तैलपर्णिक’ हा शब्द मात्र खरोखर जुना आहे. अमरकोशात तो गोशीर्ष आणि हरिचंदन यांच्या शेजारी येतो, म्हणजे चंदनाच्या एका प्रकारासाठी. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात राजाच्या कोशात जमा करायच्या मौल्यवान सुगंधी मालात चंदन आणि अगरूच्या पाठोपाठ तैलपर्णिक येते, आणि त्याचा एक प्रकार मांसाच्या रंगाचा व कमळाच्या वासाचा असल्याचे सांगितले आहे. निलगिरीच्या पानात मांसाचा रंग कुठला आणि कमळाचा वास कुठला? नव्याने आलेल्या झाडाला कुणीतरी चपखल संस्कृत नाव शोधले, ते आवडले, रुजले. त्यात चूक काही नाही. चूक झाली ती पुढे, नव्या नावाच्या आधारे जुना इतिहास लिहिला तेव्हा. आजीच्या बटव्यात निलगिरी होती हे मान्य. पण तिच्या आजीच्या बटव्यात ती असण्याची शक्यता कमीच. तिथे ओवा होता, सुंठ होती, तुळस आणि वेखंड होते.

ऑस्ट्रेलियातली गोष्ट थोडक्यात. तिथले मूळ रहिवासी या झाडांची पाने आणि खोडातून पाझरणारा लाल चीक जखमेवर व पोटाच्या तक्रारींवर वापरत. युकॅलिप्टस हे शास्त्रीय नाव १७८८ चे. कळीवर टोपी असते, म्हणून ‘नीट झाकलेले’. पाने वाफवून तेल काढण्याचे व्यापारी ऊर्ध्वपातन १८५२ पासून व्हिक्टोरिया प्रांतात सुरू झाले. एकोणिसाव्या शतकात युरोपात हे ‘हिवतापाचे झाड’ म्हणून गाजले. दलदलीतल्या दूषित हवेने ताप येतो आणि या झाडाच्या वासाने ती हवा शुद्ध होते, अशी तेव्हाची समजूत होती. रोमजवळच्या एका मठात संन्याशांनी त्यासाठी ही झाडे लावली. झाडे पाणी भरपूर ओढतात, त्यामुळे कुठे कुठे दलदल आटली आणि डासही कमी झाले असतील, पण श्रेय वासाला मिळाले. हिवतापाचा परजीवी डासाच्या पोटात सापडला तो १८९७ मध्ये, आपल्या सिकंदराबादला. तरीही ‘निलगिरीचा वास हवा शुद्ध करतो’ हे वाक्य काही मेले नाही.

उटीच्या परिसरात झाड आणले ते औषधासाठी नव्हे, सरपणासाठी. छावणीला आणि थंड हवेच्या वस्तीला जळण हवे होते, शोला म्हणतात ती डोंगरदऱ्यांतली मूळ जंगले झपाट्याने तुटत होती आणि हे झाड तोडले तरी बुंध्यातून पुन्हा फुटत होते. पानांचे तेल हा जोडधंदा. तिथली भट्टी एकदा जवळून पाहावी. गळलेली पाने पोत्यांत भरून आणतात, मोठ्या पिंपात पायाने दाबून बसवतात, खाली आच लावतात. वाफ नळीतून थंड पाण्यात बुडवलेल्या वेटोळ्यात जाते आणि शेवटी बरणीत पाण्यावर तेलाचा पातळ थर तरंगू लागतो. शंभर किलो पानांमागे साधारण किलोभर. उकळून झालेली पाने वाळवून त्याच चुलीत घालतात. या तेलाचा प्राण म्हणजे सिनिओल हा त्यातला मुख्य घटक. औषधी दर्जासाठी ते निदान सत्तर टक्के असावे ही अनेक देशांतली अट आहे. नाक मोकळे झाल्यासारखे वाटते ते याच घटकामुळे. ‘वाटते’ हा शब्द जाणूनबुजून लिहिला आहे, कारण गारवा जाणवला म्हणजे सूज उतरली असे नाही.

मग आपल्या रस्त्याकडेचे झाड कोणते? ते बहुतेक ‘म्हैसूर गम’, म्हणजे टेरेटिकॉर्निस आणि त्याचे संकर. त्याचे मूळ कर्नाटकातल्या नंदी टेकडीवरच्या, १७९० च्या आसपासच्या टिपू सुलतानाच्या बागेत सांगतात. डोंगरातली निलगिरी थंडी मागते, ही पठारावर कमी पावसातही उभी राहते. म्हणून सामाजिक वनीकरणाच्या लाटेत, १९७० आणि १९८० च्या दशकांत, ती कागदाच्या लगद्यासाठी आणि बांधकामाच्या वाशांसाठी लाखोंनी लागली. नाशिक जिल्ह्यात तर निलगिरी उत्पादकांची सहकारी संस्थाच निघाली. शेजारच्या कर्नाटकात १९८३ मध्ये तुमकूर भागातल्या शेतकऱ्यांनी सरकारी रोपवाटिकेतली रोपे उपटून टाकली. नाचणीची शेते निलगिरीखाली जात होती, मजुरी बुडत होती आणि विहिरी आटतात अशी तक्रार होती. त्या राज्याने २०१७ मध्ये नवी लागवड बंदच केली. हा सगळा वाद पाण्याचा आणि जमिनीचा. औषधाचा प्रश्न त्यात कुणी विचारलाही नाही. पण झाडे दारात आली आणि वाफाऱ्याच्या पातेल्यात त्यांची पाने पडू लागली. या पानांत तेल कमी असते आणि त्यातले सिनिओल झाडागणिक बदलते. अपाय होईल असे नाही. बाटलीतल्या थेंबाइतका परिणाम मात्र धरू नये.

तिसरे झाड वासावरून लगेच ओळखू येते. पान चुरगळले की हाताला लिंबाचा, थोडा गवती चहाचा वास लागतो आणि साबणाने धुतले तरी तो बोटांवर रेंगाळतो. ही लिंबू-निलगिरी, सिट्रिओडोरा. हिच्या तेलात लिंबासारख्या वासाचे सिट्रोनेलाल भरपूर, सिनिओल नावापुरते. बंद नाकासाठी हिची पाने उकळणे म्हणजे खोकल्यासाठी सुंठीऐवजी वेलची घेण्यासारखे आहे. १९९५ मध्ये काही वनस्पतिशास्त्रज्ञांनी तिला युकॅलिप्टसमधून काढून कोरिंबिया या वेगळ्या कुळीत टाकले. सगळ्यांना ते पटले नाही, बाजाराला तर कळलेच नाही. हिचा खरा उपयोग डासांसाठी. त्यातही अंगाला लावायला जे चालते ते प्रक्रिया केलेले तेल. अमेरिकेच्या आरोग्य यंत्रणेने २००५ मध्ये त्याची शिफारस केली, पण तीन वर्षांखालच्या मुलांना लावू नये असे तिथे स्पष्ट सांगतात. साधे सुवासिक तेल तितका वेळ टिकत नाही.

२०२० आणि २०२१ मध्ये या सगळ्यावर कोरोनाची वाफ चढली. सिनिओल विषाणूच्या एका प्रथिनाला चिकटू शकते, असे संगणकावरच्या आकडेमोडीतून निघाले आणि काही दिवसांत ते ‘निलगिरी कोरोना मारते’ या संदेशात बदलले. दिवसातून तीन-तीनदा वाफ घेणारी घरे होती. उकळते पातेले कलंडून भाजलेली मुलेही रुग्णालयांत येत होती. तान्ह्या बाळाच्या झबल्याला तेल लावण्याची सवयही या काळात बळावली. बाळाच्या नाकाजवळ हे तेल आले तर श्वास अडखळू शकतो. पोटात गेले तर चमचाभरही खूप होते. हे तेल घरोघरी असणाऱ्या ऑस्ट्रेलियात, मेलबर्नच्या बालरुग्णालयात १९८० च्या दशकापासून तेल प्यायलेल्या मुलांच्या नोंदी आहेत, त्यांत गुंगीपासून बेशुद्धीपर्यंत सारे आहे. अलीकडे दक्षिण भारतातल्या मेंदूविकारतज्ज्ञांनी निलगिरी आणि कापूर असलेली तेले-बाम वापरल्यावर मोठ्यांनाही झटके आल्याची प्रकरणे मांडली. ज्यांना फिट्स येतात अशांनी तरी हे गंभीरपणे घ्यायला हवे.

बाटलीकडे परत येऊ. आज जगाच्या व्यापारातले पुष्कळसे तेल चीनमधून येते, आणि त्यातले काही कापराच्या झाडाच्या तेलातून सिनिओलचा भाग वेगळा काढून बनवलेले असते. पिंपावर नाव युकॅलिप्टस तेलाचेच. ते छोट्या बाटल्यांत भरून आपल्याकडे विकले, तर त्यावर ‘निलगिरी’ छापले जाईल, आणि आत ना डोंगर असेल ना झाड.