अमेरिकेत जुनं छोटं विमान घेऊन परत उडतं करायचंय? पात्रता, फॉर्म आणि कागदपत्रं

अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या मंडळींपैकी ज्यांनी प्रायव्हेट पायलट सर्टिफिकेट काढलंय त्यांच्या डोक्यात कधीतरी येतंच की भाड्याच्या विमानावर पैसे घालवण्यापेक्षा एखादं जुनं सेसना १५० किंवा १७२ घ्यावं, हळूहळू नीट करावं आणि स्वतःचं उडवावं. विचार चांगलाच आहे. सेसना १७२ चं उत्पादन १९५६ पासून सुरू झालं, १९८६ ला थांबलं आणि मग थेट १९९६ ला परत सुरू झालं, आणि १५० तर १९७७ लाच बंद झालं, त्यामुळे परवडणाऱ्या किमतीत जे मिळतं ते चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीचंच असतं. गंज, फाटलेल्या सीट, थकलेलं इंजिन हे सगळं दिसतं तरी, कागद मात्र दिसत नाहीत, आणि माझं ठाम मत आहे की रिस्टोरेशनचे प्रोजेक्ट पत्र्यापेक्षा कागदांवर जास्त अडकतात. म्हणून पाना हातात घ्यायच्या आधी हे वाचा.

विमान नावावर कोणाच्या होऊ शकतं

पायलट सर्टिफिकेट कुठल्याही देशाच्या नागरिकाला मिळतं, पण एन-नंबरचं, म्हणजे अमेरिकेत नोंदलेलं, विमान नावावर करायला एफएए चे, म्हणजे तिथल्या सरकारी विमान नियामक संस्थेचे, नियम वेगळे आहेत आणि इथेच एच-१बी वाले अडकतात. स्वतःच्या नावावर रजिस्टर करायला तुम्ही अमेरिकन नागरिक पाहिजे किंवा ग्रीन कार्डधारक पाहिजे, बस. एच-१बी, एल-१ किंवा स्टुडंट व्हिसावर असाल तर थेट नावावर होत नाही. मग रस्ते दोन, एक म्हणजे ट्रस्ट, ज्यात ट्रस्टी नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असतो आणि विमान कागदावर त्याच्या नावाने असतं, दुसरा म्हणजे अमेरिकेत रीतसर स्थापन झालेली कॉर्पोरेशन, पण मग त्या विमानाचे किमान ६० टक्के उड्डाणाचे तास अमेरिकेतच व्हायला लागतात आणि तसा हिशोब ठेवायला लागतो. दोन्हीला एव्हिएशनवाला वकील लागतो, तो खर्च आधीच धरा.

अजून एक, चौघा मित्रांनी मिळून घ्यायचं असेल तर नीट ऐका. पार्टनरशिप म्हणून रजिस्टर करायचं तर प्रत्येक पार्टनर अमेरिकन नागरिकच असायला लागतो, एक जरी ग्रीन कार्डवाला असला तरी पार्टनरशिप चालत नाही. तेच चौघं को-ओनर म्हणून आले तर नागरिक आणि ग्रीन कार्डवाले एकत्र चालतात. फॉर्मवर एका चौकोनाचा फरक आहे, पण चुकीचा चौकोन भरला तर रजिस्ट्रेशनच वैध राहत नाही आणि मग इन्शुरन्सचाही प्रश्न येतो.

रजिस्ट्रेशनचा अर्ज

सगळं काम ओक्लाहोमा सिटीच्या एफएए रजिस्ट्रीकडे. लागतं काय तर एसी ८०५०-१ हा अर्ज, मूळ सहीचं बिल ऑफ सेल म्हणजे एसी ८०५०-२, आणि ५ डॉलर फी. ग्रीन कार्डवाल्यांनी अर्जात एलियन रजिस्ट्रेशन नंबर भरायचा. पोस्ट बॉक्सचा पत्ता दिला तर राहण्याचा पत्ताही द्यायला लागतो. नावाकडे लक्ष द्या, आपल्याकडे वडिलांचं नाव मधे असतं, कधी पासपोर्टवर असतं आणि बँकेत नसतं, तर बिल ऑफ सेल आणि अर्ज दोन्हीवर नाव अक्षर न अक्षर सारखं पाहिजे, नाहीतर फाइल परत येते.

अर्ज पाठवला की त्याची दुसरी प्रत विमानात ठेवायची, ती तात्पुरती परवानगी असते, जास्तीत जास्त ९० दिवस आणि फक्त अमेरिकेच्या आत. पण जुन्या पडून राहिलेल्या विमानांचं बऱ्याचदा रजिस्ट्रेशन संपून नंबरच कॅन्सल झालेला असतो, आणि अर्ज करताना विमानाला नंबरच नसेल तर ही तात्पुरती सोय मिळत नाही, सर्टिफिकेट हातात येईपर्यंत जमिनीवरच. म्हणून जाहिरात बघितल्या बघितल्या रजिस्ट्रीच्या साइटवर एन-नंबर टाकून स्टेटस बघा, फुकट आहे. सर्टिफिकेट आता ७ वर्षं चालतं, जानेवारी २०२३ च्या आधी ३ वर्षांचं होतं.

आता मालकीची साखळी. गावाकडे जमीन घेताना सातबारा आणि जुने फेरफार बघितल्याशिवाय आपण इसार देत नाही ना, तसंच इथे टायटल सर्च. रजिस्ट्रीत शेवटचं ज्याच्या नावाने आहे त्याच्यापासून तुमच्यापर्यंत प्रत्येक विक्रीचं बिल ऑफ सेल जोडलेलं पाहिजे. हँगरमध्ये वीस वर्षं पडलेलं विमान असलं की एखादा मालक वारलेला असतो, मुलाने रजिस्ट्रेशन न करताच पुढे विकलेलं असतं, आणि मधली कडीच नसते. तशा वेळी वारसाचे कागद किंवा कोर्टाचा आदेश लागतो, आणि ते मिळवायचं काम विकणाऱ्याचं आहे, तुमचं नाही, त्याआधी पैसे देऊ नका. बँकेचा बोजाही बघा. कर्ज कधीच फिटलेलं असतं पण रिलीजचा कागद कोणी नोंदवलेलाच नसतो आणि बँक तोवर दुसऱ्या बँकेत विलीन झालेली असते.

विमानाची फाइल मागवा

हे मी सगळ्यात जास्त कळकळीने सांगतो. एफएए कडून थोड्या फीमध्ये त्या विमानाची पूर्ण फाइल मिळते, मालकीची वेगळी आणि एअरवर्दीनेसची, म्हणजे उड्डाणयोग्यतेची, वेगळी, दोन्ही घ्या. त्यात आजवर नोंदवलेले सगळे ३३७ फॉर्म असतात, म्हणजे मोठी दुरुस्ती किंवा मोठा बदल केल्याची नोंद. मग लॉगबुक, ती फाइल आणि प्रत्यक्ष विमान शेजारी शेजारी ठेवून बघायचं. एअरवर्दी असण्याच्या अटी दोन आहेत, विमान मूळ टाइप डिझाइनप्रमाणे, म्हणजे त्या मॉडेलच्या मंजूर आराखड्याप्रमाणे, किंवा मंजूर बदलांप्रमाणे असलं पाहिजे, आणि उडायला सुरक्षित असलं पाहिजे. दुसरी अट सगळ्यांना कळते, पहिलीकडे कोणी बघत नाही. टाइप सर्टिफिकेट डेटा शीट नेटवर फुकट आहे, १७२ ची ३ए१२ आणि १५० ची ३ए१९. त्यात तुमच्या मॉडेलला कुठलं इंजिन, कुठला प्रोपेलर चालतो ते लिहिलेलं असतं. विमानावर तिसरंच इंजिन आहे आणि एसटीसी, म्हणजे मूळ डिझाइनमधल्या बदलाची एफएए मंजुरी, नाही, ३३७ नाही, तर ते कितीही गोड चालत असलं तरी कायद्याने एअरवर्दी नाही. आणि नवीन एसटीसी लावायचा असेल तर नुसता कागद डाउनलोड करून चालत नाही, एसटीसीच्या मालकाची लेखी परवानगी लागते.

लॉगबुक हरवलेली असतील तर विमान बाद होत नाही, पण एकूण तास कसे धरले ते दाखवायला लागतं आणि प्रत्येक एडी, म्हणजे एअरवर्दीनेस डायरेक्टिव्ह, पाळलाय की नाही ते नव्याने सिद्ध करायला लागतं. एडी पाळणं सक्तीचं आहे. सेसनावाल्यांनी २०११-१०-०९ बघाच, तो सीटच्या रुळांचा आहे, रूळ झिजले की टेकऑफला सीट मागे सरकते आणि पायलटच्या हातातून कंट्रोल सुटतो, यात माणसं गेली आहेत. तपासणी स्वस्त आहे, टाळू नका.

एअरवर्दीनेस सर्टिफिकेट विमानाबरोबरच येतं, नियमाप्रमाणे देखभाल होत असेल तोवर त्याला मुदत नाही. हरवलं असेल तर आपल्या भागातल्या फिस्डोकडे, म्हणजे एफएए च्या स्थानिक ऑफिसकडे, बदली सर्टिफिकेटचा अर्ज करायचा.

काम कोण करू शकतं आणि सही कोणाची

किमान प्रायव्हेट पायलट असलेला मालक प्रिव्हेंटिव्ह मेंटेनन्स स्वतः करून स्वतः सही करू शकतो. ऑइल बदलणं, टायर, स्पार्क प्लग, बॅटरी, सीट बेल्ट अशी यादी एफएए नियमांच्या पार्ट ४३ च्या अपेंडिक्स ए मध्ये आहे. लॉगबुकमध्ये काय केलं, तारीख, सही, सर्टिफिकेटचा नंबर आणि प्रकार लिहायचा. स्टुडंट पायलटला हे चालत नाही.

त्यापुढचं कामही तुम्ही स्वतःच्या हाताने करू शकता पण ए अँड पी मेकॅनिकच्या, म्हणजे विमानाचा सांगाडा आणि इंजिन दोन्हीचं सर्टिफिकेट असलेल्याच्या, देखरेखीखाली, त्याने लागेल तेवढं प्रत्यक्ष बघितलं पाहिजे, आणि सही त्याची. म्हणून काम सुरू करायच्या आधी मेकॅनिक ठरवा. रिव्हेट मारून पॅनल बंद केल्यावर मेकॅनिकला बोलावलं तर तो सही करणार नाही आणि करूही नये. मोठी दुरुस्ती असेल, आणि कापडाच्या विमानाचं कापड बदलणं हीसुद्धा मोठी दुरुस्तीच धरतात, तर ३३७ भरायचा आणि आयए, म्हणजे तपासणी करून मंजुरी द्यायचा जादा अधिकार, असलेल्या मेकॅनिकची मंजुरी घ्यायची. एक प्रत तुमच्या रेकॉर्डला, एक विमान सेवेत परत दिल्यापासून ४८ तासांत ओक्लाहोमा सिटीला.

अॅन्युअल इन्स्पेक्शन, म्हणजे वार्षिक तपासणी, दर १२ कॅलेंडर महिन्यांनी, सहसा आयए कडून. १० मार्चला झालं तर पुढच्या वर्षीच्या ३१ मार्चपर्यंत चालतं. तपासणीत विमान नापास झालं तर आयए दोषांची सही केलेली यादी देतो, तपासणी पूर्ण धरली जाते, आणि यादीतल्या दुरुस्त्या दुसरा ए अँड पी करून सही करू शकतो, परत पूर्ण अॅन्युअल करायला लागत नाही. एकाच हँगरमध्ये अडकून पडलोय असं वाटतं तेव्हा हा नियम फार कामाला येतो.

विमान दुसऱ्या राज्यात आहे, अॅन्युअल संपलंय, आणि दुरुस्ती आपल्या गावात करायची आहे तर स्पेशल फ्लाइट परमिट, लोक फेरी परमिट म्हणतात. फॉर्म ८१३०-६ भरून फिस्डोकडे द्यायचा, त्यात उड्डाणाचं कारण, मार्ग, क्रू, विमान कुठल्या बाबतीत नियमात बसत नाही हे सगळं खरं खरं लिहायचं. सहसा मेकॅनिकने तपासून या एका उड्डाणासाठी सुरक्षित आहे असं लॉगबुकमध्ये लिहावं लागतं. फिरायला म्हणून कोणाला बरोबर घ्यायचं नाही. आधी इन्शुरन्सवाल्याला विचारा, सगळ्या पॉलिसीत हे बसतंच असं नाही.

उडायला लागल्यावर

विमानात एअरवर्दीनेस सर्टिफिकेट, रजिस्ट्रेशन, मॅन्युअल आणि ताजं वेट अँड बॅलन्स, म्हणजे वजन आणि तोलाचा हिशोब, कायम पाहिजे. ट्रान्सपॉन्डर, म्हणजे रडारला उत्तर देणारं यंत्र, वापरत असाल तर त्याची तपासणी २४ महिन्यांनी, आयएफआर, म्हणजे फक्त उपकरणांच्या भरवशावर, उडणार असाल तर अल्टिमीटर आणि स्टॅटिक सिस्टिमचीही २४ महिन्यांनी, ईएलटी, म्हणजे अपघातात आपोआप संदेश पाठवणारं यंत्र, १२ महिन्यांनी. मोठ्या एअरपोर्टच्या आसपास उडायचं तर २०२० पासून एडीएस-बी आउट, म्हणजे विमानाचं ठिकाण सतत प्रसारित करणारं यंत्र, लागतं, पण मुळातच इंजिनवर चालणारी इलेक्ट्रिकल सिस्टिम नसलेल्या जुन्या पायपर कब वगैरे विमानांना त्यात बरीच सूट आहे. ३० वर्षांपेक्षा जुन्या विमानावर १२ इंची नंबराऐवजी जुन्या पद्धतीचे २ इंची आकडे रंगवायलाही परवानगी आहे, मूळ रंगसंगती परत आणणाऱ्यांना हे फार आवडतं.

हे सगळं वेळेवर होतंय की नाही याची पहिली जबाबदारी कायद्याने मालकाची आहे, मेकॅनिकची नाही, तर तारखा स्वतःच्या फोनमध्ये टाकून ठेवा. घर बदललं तर ३० दिवसांत रजिस्ट्रीला नवा पत्ता कळवा, आणि पुढे कधी विमान विकलंत तर सर्टिफिकेटची मागची बाजू भरून २१ दिवसांत परत पाठवा, आणि लॉगबुक, एडीची यादी, ३३७ च्या प्रती सगळ्या नव्या मालकाच्या हातात द्या.