चार मीटर उंचीवरचा कान

पॅरिस, माद्रिद, हॅम्बुर्ग. युरोपातल्या कुठल्याही मोठ्या शहराचा ध्वनिनकाशा उघडून बघा. हमरस्ते लाल-जांभळे, अंगावरच्या टपोऱ्या शिरांसारखे. आतल्या गल्ल्या पिवळट, बागा आणि चौकाची अंगणं हिरवी. पाहणाऱ्याला वाटतं, हातात डेसिबलमापक घेऊन कोणीतरी वर्षभर गल्लोगल्ली फिरलं असणार. तसं कोणी फिरलेलं नसतं. हा नकाशा जवळजवळ सगळा गणितातून काढलेला असतो.

मोजून का काढत नाहीत? मापकाला आवाज कळतो, आवाज कोणाचा ते कळत नाही. खिडकीत ठेवलेला मापक बस, कावळे, शेजारचं बांधकाम आणि खालचा भाजीवाला असं सगळं एकाच आकड्यात कोंबून देतो. वारा फिरला की आकडा फिरतो. नकाशाला हवी असते वर्षभराची सरासरी, तीही लाखो खिडक्यांची. शिवाय उद्या बाह्यवळण रस्ता झाला तर आतल्या रस्त्यावरचा आवाज किती उतरेल, हे मापक सांगू शकत नाही. गणित सांगू शकतं. म्हणून मोजमापं घ्यायची ती गणित ताडून पाहण्यापुरती.

गणिताचा अडचणीचा भाग सूत्रांमध्ये नाही. सूत्रं बरीच जुनी आणि बऱ्यापैकी पारखलेली आहेत. अडचण आहे त्यांत घालायच्या माहितीची, कारण ती कुठल्याच शहराकडे पुरती नसते.

युरोपीय संघानं २००२ साली पर्यावरणीय गोंगाटाबद्दल एक निर्देश काढला. त्यानुसार २००७ पर्यंत पहिले नकाशे तयार करायचे होते: अडीच लाखांहून जास्त वस्तीची शहरं, वर्षाला साठ लाखांहून जास्त वाहनं जाणारे रस्ते, साठ हजारांहून जास्त गाड्या धावणारे लोहमार्ग आणि पन्नास हजारांहून जास्त उड्डाणं-उतरणी होणारे विमानतळ. त्यानंतर दर पाच वर्षांनी नवे नकाशे, आणि दुसऱ्या फेरीपासून शहरांची मर्यादा एक लाखावर, तर रस्ते आणि लोहमार्गांची मर्यादा निम्म्यावर आणलेली.

आकडा कुठला काढायचा हेही निर्देशानंच ठरवून दिलं. दिवसाचे बारा तास, संध्याकाळचे चार आणि रात्रीचे आठ अशी विभागणी. संध्याकाळच्या आवाजात ५ डेसिबल आणि रात्रीच्या आवाजात १० डेसिबल जास्तीचे मिळवायचे, आणि मग सगळ्याची सरासरी. डेसिबलची पट्टी लघुगणकी असल्यामुळे १० डेसिबल म्हणजे दहापट ऊर्जा. थोडक्यात, रात्री दोनला गेलेला एक ट्रक दिवसा गेलेल्या दहा ट्रकांच्या बरोबरीचा धरला जातो. चोवीस तास अगदी एकसारखा ६० डेसिबल आवाज असलेल्या जागेचा आकडा त्यामुळे ६६.४ निघतो. झोपमोडीचा हा दंड मला योग्य वाटतो. पण साध्या मापकाचा आकडा आणि नकाशावरचा आकडा यांची तुलना करू पाहणारा माणूस इथे हमखास फसतो.

ऐकणारा ‘कान’ कुठे ठेवायचा? जमिनीपासून चार मीटरवर, म्हणजे साधारण पहिल्या मजल्याच्या खिडकीशी. आणि त्या इमारतीच्या स्वतःच्या भिंतीवरून परतणारा आवाज मोजायचा नाही. ही गोष्ट किरकोळ वाटते, पण भिंतीलगत आवाज परावर्तनामुळे ३ डेसिबलपर्यंत वाढतो. एका शहरानं परावर्तन धरलं आणि दुसऱ्यानं वगळलं, तर दुसरं शहर काही न करता ‘शांत’ झालं.

एवढं ठरूनही हिशेब कोणत्या पद्धतीनं करायचा याची मोकळीक देशांना होती. ज्यांची स्वतःची पद्धत नव्हती त्यांच्यासाठी तात्पुरती सोय म्हणून रस्त्यांना फ्रेंच पद्धत, रेल्वेला डच पद्धत अशी वाटणी झाली. ब्रिटन, जर्मनी, नेदरलँड्स यांनी आपापल्या पद्धती पुढे चालवल्या. संध्याकाळ दोन तासांपर्यंत आखूड करायचीही मुभा होती. इटलीत ती रात्री आठ ते दहा एवढीच असते. आणि सगळ्यांपुढे एकच प्रश्न होता: माहिती नसेल तिथे काय भरायचं?

या प्रश्नाचं उत्तर देणारं एक मार्गदर्शक युरोपीय आयोगाच्या तज्ज्ञगटानं तयार केलं. त्याची सुधारित आवृत्ती जानेवारी २००६ मध्ये आली. दिसायला कंटाळवाणं, पण माझ्या मते ध्वनिनकाशांच्या सगळ्या खटाटोपातला सर्वांत शहाणा कागद हाच. त्यात नवं भौतिकशास्त्र नाही. अंदाज कसा करावा, हे त्यात आहे. इमारतीची उंची ठाऊक नाही? मजले मोजा आणि प्रत्येकाला तीन मीटर धरा. जमीन कुठे मऊ, कुठे कठीण ठाऊक नाही? शहरात कठीण धरा, खेड्यात मऊ. रस्त्यावरच्या वाहनांची मोजणी नाही? मग रस्त्याच्या प्रकारावरून आकडा घ्या. प्रत्येक पर्यायापुढे तो किती किचकट, किती खर्चाचा आणि त्यामुळे निकालात किती डेसिबलची चूक शिरू शकते, हेही लिहिलेलं. चुकीचा पल्ला अर्ध्या डेसिबलहून कमी इथपासून पाच डेसिबलहून जास्त इथपर्यंत.

हवामानाचा अंदाज बघा. दिवसा जमीन तापलेली असते, आवाज वर वळतो आणि लांब पोचत नाही. रात्री जमीन निवते, वरची हवा त्या मानानं उबदार राहते, आणि आवाज खाली वाकून दूरवर जातो. लांबच्या स्टेशनातल्या गाडीची शिट्टी दिवसा ऐकू येत नाही आणि मध्यरात्री अंगणात आल्यासारखी वाटते, ती यामुळेच. पण वर्षातले किती दिवस वारा आणि तापमान आवाजाला अनुकूल असतात, याच्या नोंदी बहुतेक ठिकाणी नसतात. मार्गदर्शकानं सरळ आकडे दिले: दिवसा ५० टक्के वेळ अनुकूल धरा, संध्याकाळी ७५ टक्के, रात्री १०० टक्के. हे आकडे कुठल्याच गावाला तंतोतंत लागू नाहीत. पण ते सगळ्यांना एकसारखे आहेत, आणि चूक झालीच तर रहिवाशाच्या बाजूनं व्हावी असे बेतलेले आहेत.

कुठल्या अंदाजात किती काटेकोर राहायचं, हेही गणितच सांगतं. रहदारी दुप्पट झाली तर आवाज फक्त ३ डेसिबलनं वाढतो. म्हणजे वाहनांची मोजणी २० टक्क्यांनी चुकली तर निकाल एका डेसिबलनंही हलत नाही. उलट वेग ताशी ५० ऐवजी ७० किलोमीटर धरला, तर नुसत्या टायरांच्या घरघरीत चारेक डेसिबलचा फरक पडतो. डांबराऐवजी दगडी फरसबंदी असेल तर आणखी. रस्ता आणि घर यांच्यामधली भिंत नकाशात घालायची राहून गेली, तर सगळंच ओमफस्. नाक्यावर दहा माणसं बसवून गाड्या मोजत राहण्यापेक्षा एकानं रस्त्याकडेच्या भिंती नोंदवलेल्या बऱ्या.

सगळ्यात मोठा घोळ मात्र माणसं मोजताना होतो. एक इमारत घ्या, चाळीस रहिवासी. समोर हमरस्ता, तिथे ६८ डेसिबल. मागे अंगण, तिथे ५०. गोंगाटात राहणारी माणसं किती? २००६ च्या मार्गदर्शकाचं उत्तर: चाळीस, कारण सगळ्यांना सर्वांत गोंगाटाच्या भिंतीवर धरायचं. जर्मनीनं मात्र रहिवासी इमारतीच्या सगळ्या बाजूंवर वाटून दिले, म्हणजे तिथे आकडा साधारण अर्ध्यावर येणार. इमारत तीच, रस्ता तोच, आवाज तोच. त्यातून निकाल पाच-पाच डेसिबलच्या पट्ट्यांत मांडायचे असतात. ५४.८ चा भाग ५५.१ झाला की अख्खी वस्ती एका पट्टीतून दुसरीत उडी मारते. ‘अमुक शहरात तमुक लाख लोक गोंगाटग्रस्त’ ही बातमी वाचताना हे लक्षात ठेवलेलं बरं. युरोपीय पर्यावरण संस्थेच्या २०२० च्या अहवालात ५५ डेसिबल किंवा त्याहून जास्त रस्त्याच्या आवाजात राहणाऱ्यांची संख्या ११ कोटी ३० लाख दिली आहे. प्रश्न गंभीर आहे यात शंका नाही. पण त्या बेरजेत निरनिराळ्या देशांचे निरनिराळे हिशेब आहेत.

हा घोळ मिटवायला २०१५ मध्ये ‘क्नॉसॉस’ नावाची सामाईक पद्धत ठरवण्यात आली. (क्रीट बेटावरच्या ज्या राजवाड्याशी भूलभुलैयाची दंतकथा जोडलेली आहे, त्याचंही नाव हेच. नाव ठेवणाऱ्यांना विनोदबुद्धी होती असं मी धरून चालतो.) २०१८ अखेरीपासून ती बंधनकारक झाली आणि २०२२ च्या नकाशांत सगळीकडे वापरायची ठरली. वाहनांचे वर्ग, टायरांचा आणि इंजिनाचा आवाज वेगवेगळा, स्रोत रस्त्यापासून पाच सेंटिमीटरवर, सगळं नेमून दिलेलं. रहिवाशांची वाटणीही २०२१ च्या दुरुस्तीत बदलली: घरांची अंतर्गत रचना ठाऊक नसेल तर इमारतीभोवतीच्या बिंदूंपैकी जास्त गोंगाटाच्या निम्म्या बिंदूंवर माणसं वाटायची. जुन्या दोन टोकांमधली ही तडजोड. तिची किंमतही मोजावी लागली, कारण २०२२ चे आकडे २०१७ च्या आकड्यांशी सरळ ताडता येत नाहीत. शहर शांत झालं की हिशेब बदलला, हे सांगायला जुनी माहिती नव्या पद्धतीनं पुन्हा गणावी लागते.

आता आपल्याकडे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत दिवस सकाळी सहा ते रात्री दहा. संध्याकाळ नावाचा प्रकारच नाही. निवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा. युरोपातल्या ५५ शी या ५५ चं नातं फक्त अंकापुरतं. २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं ध्वनिनकाशे करण्याचे आदेश दिले, आणि पुढे नागपूरच्या ‘नीरी’ या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेनं महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळासाठी राज्यातल्या २७ शहरांचा अभ्यास केला, तो प्रत्यक्ष मोजणीच्या अंगानं. मोजलेल्या बिंदूंना स्वतःचं मोल आहे. प्रश्न येतो दोन बिंदूंमधली जागा रंगवताना. नुसती अंतरानुसार सरासरी काढणाऱ्या संगणकाला मध्ये सात मजली इमारत आहे हे ठाऊक नसतं. तिच्यामागे शांत अंगण असलं तरी तो तिथे लाल रंग ओततो.

मग मिरवणुका, ढोल-ताशे? वर्षाच्या सरासरीत ते विरून जातात असं पुष्कळांना वाटतं. हिशेब करून पाहू. समजा एका घराशी वर्षभर ६५ डेसिबल रहदारी आहे, आणि दहा दिवस रोज चार तास ९५ डेसिबल. वर्षातले फक्त चाळीस तास. तरी साधी वार्षिक सरासरी ७२ च्या वर जाते. म्हणजे सरासरी त्यांना लपवत नाही. युरोपीय पद्धतीच्या नकाशात ते दिसणार नाहीत याचं कारण वेगळं: तिथे रस्ते, रेल्वे, विमानं आणि उद्योग एवढेच स्रोत धरलेले असतात.

म्हणूनच क्नॉसॉस जशीच्या तशी उचलून पुण्याला किंवा ठाण्याला लावणं हा शॉर्टकट चालणार नाही. तिच्या रस्त्याच्या गणितात टायर आहे, इंजिन आहे, चढ आहे, सिग्नलजवळचा वेग आहे. हॉर्न नाही. रिक्षासाठी वेगळा वर्ग नाही. इथल्या मार्गदर्शकाला हे रकाने स्वतः आखावे लागतील: किती वाहनांमागे किती हॉर्न धरायचे, पत्र्याचं कुंपण अडथळा मानायचं की नाही, चाळीतल्या एका खोलीमागे माणसं किती. आणि चाळीस मजली टॉवरला चार मीटरवरचा एकच कान पुरेल का, हेही.