सागरी प्राण्यांतील संसर्गजन्य रोग

सागरी प्राण्यांतील संसर्गजन्य रोग : सील, समुद्रसिंह, डॉल्फिन, देवमासे, सागरी पाणमांजरे, कासवे, समुद्रपक्षी, मासे, कोळंबी इत्यादींना विषाणू, जिवाणू, बुरशी व परजीवी यांच्यामुळे होणारे रोग. त्यांचा अभ्यास पशुवैद्यक आणि वन्यजीवशास्त्र या दोन शाखा मिळून करतात. रोगाचे कारण शोधणे, तो कळपात कसा पसरतो हे समजून घेणे, जमिनीवरच्या जनावरांशी व माणसाशी त्याचा संबंध तपासणे आणि शक्य तिथे लस किंवा उपचार देणे ही या अभ्यासाची मुख्य अंगे होत.

कोल्हापूर जिल्ह्याला समुद्रकिनारा नाही. शाहूवाडी, गगनबावडा, राधानगरी या तालुक्यांच्या पश्चिमेला सह्याद्रीची धार आहे आणि घाट उतरल्यावर रत्नागिरी व सिंधुदुर्ग लागतात. कोल्हापूरहून आंबा घाटातून रत्नागिरी साधारण १३० किलोमीटरवर. असे असूनही हा विषय इथल्या वाचकाला जवळचा वाटावा, कारण समुद्रातल्या मोठ्या साथींमागचे बरेच रोगजंतू इथल्या गोठ्यात, धनगरांच्या मेंढरांत आणि गल्लीतल्या कुत्र्या-मांजरांत आधीपासून माहीत आहेत. बुळकांडी, सांसर्गिक गर्भपात, लेप्टो, बर्ड फ्लू ही नावे जनावरांच्या दवाखान्यात नवी नाहीत. सागरी रोगांचे संशोधन उभे राहिले तेच मुळी या ओळखीच्या बळावर.

बुळकांडीची भावकी

या विषयाचा गाभा मॉर्बिलिव्हायरस नावाच्या विषाणूंच्या गटात आहे. माणसाचा गोवर, गुरांची बुळकांडी, शेळ्या-मेंढ्यांचा पीपीआर आणि कुत्र्यांचा डिस्टेंपर हे रोग याच गटातले विषाणू घडवतात. १९८८ नंतर त्यात सीलचा डिस्टेंपर विषाणू आणि डॉल्फिन व देवमाशांचा मॉर्बिलिव्हायरस यांची भर पडली. ही सगळी एक भावकीच आहे : घरे वेगळी झाली, वस्ती कुणाची गोठ्यात तर कुणाची समुद्रात, पण चालरीत तीच.

यातली बुळकांडी शेतकऱ्याच्या सर्वांत वाईट आठवणींपैकी एक. ताप, तोंडात फोड, पाण्यासारखी हगवण आणि काही दिवसांत दावण रिकामी. दक्षिण भारताच्या जंगलांत तिने गव्यांचेही बळी घेतले. दाजीपूरच्या जंगलामुळे गवा हा कोल्हापूरकरांना घरचाच प्राणी वाटतो, म्हणून हे आवर्जून सांगायला हवे. भारतात १९५४ पासून देशव्यापी लसीकरण झाले, शेवटची नोंद १९९५ची, आणि २०११मध्ये हा रोग जगातूनच हद्दपार झाल्याचे जाहीर झाले. देवीनंतर पृथ्वीवरून नाहीसा केलेला हा दुसरा रोग. पशुवैद्यकाच्या इतिहासात याहून मोठे यश नाही. भावकीतला पीपीआर मात्र अजून आहे. भारतात तो १९८७मध्ये तमिळनाडूत प्रथम आढळला आणि आज मेंढपाळांना त्याची लस टोचून घ्यावी लागते.

या विषाणूंची चाल अशी. श्वासातून आत गेलेला विषाणू फुप्फुसातल्या प्रतिकारपेशींना चिकटतो. त्याला ज्या दारातून आत शिरता येते, ते दार या पेशींच्या पृष्ठभागावरच असते. त्या पेशी त्याला लसीकाग्रंथींपर्यंत नेतात. तिथे तो वाढतो, पांढऱ्या पेशी मोठ्या प्रमाणात मरतात आणि प्राण्याचे संरक्षणच कोलमडते. पुढे फुप्फुस, आतडे, मेंदू. अशा वेळी शरीरात आधीच असलेले साधे जिवाणू आणि जंत उचल खातात. म्हणून शवविच्छेदनात न्यूमोनिया किंवा जंत ठळक दिसतात आणि मूळ विषाणू त्यांच्या आड राहतो. गोवरानंतर मूल महिनोन्‌महिने इतर आजारांना बळी पडते, त्यामागेही हेच कारण आहे.

१९८८ ची साथ

एप्रिल १९८८मध्ये डेन्मार्कच्या कॅटेगॅट सामुद्रधुनीतल्या आन्होल्ट बेटावर मादी सील अकाली पिल्ले टाकू लागल्या. गाभडलेली पिल्ले किनाऱ्यावर पडली, मग मोठे सील खोकत, नाकातून शेंबूड गाळत वाळूवर येऊन मरू लागले. साथ स्वीडन, जर्मनी, नेदरलँड्स आणि ब्रिटनपर्यंत गेली. काही महिन्यांत १८ हजारांहून अधिक सील मेले. सुरुवातीला प्रदूषणावर संशय गेला. नागीणवर्गीय विषाणूही सापडला, पण एवढ्या मृत्यूंचा उलगडा त्याने होत नव्हता. डच विषाणुशास्त्रज्ञ आल्बर्ट ऑस्टरहाउस यांच्या गटाने आजारी सीलच्या रक्तात कुत्र्यांच्या डिस्टेंपरविरुद्धची प्रतिपिंडे (अँटिबॉडी) शोधली आणि ती सापडली. पुढे तपास खोल गेल्यावर कळले की हा विषाणू कुत्र्यांचा नव्हे, त्याचा जवळचा नातलग आहे. कुत्र्यांवरची चाचणी हाताशी नसती, तर हा शोध किती लांबला असता याचा विचार करावा.

त्याच सुमारास, १९८७-८८मध्ये, सायबेरियातल्या बैकल सरोवरात हजारो सील मेले. तिथे मात्र थेट कुत्र्यांचाच डिस्टेंपर विषाणू होता. २०००मध्ये कॅस्पियन समुद्रातही तेच घडले. १९९०पासून दोन वर्षे भूमध्य समुद्रात पट्टेरी डॉल्फिनची मोठी साथ आली, तिची पहिली चाहूल स्पेनच्या व्हॅलेन्सिया किनाऱ्यावर लागली. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर २०१३ ते २०१५ या काळात १,६०० हून अधिक बाटलीनाक डॉल्फिन किनाऱ्याला लागले.

२००२मध्ये सीलची साथ पुन्हा आली, आणि पुन्हा आन्होल्टवरूनच. यावेळी मृतांचा अंदाज सुमारे ३० हजार. मधल्या चौदा वर्षांत जन्मलेल्या सीलच्या अंगात प्रतिकारशक्ती नव्हती. लाळ्या-खुरकुताची लस वर्षातून दोनदा का टोचतात, हे ज्याला माहीत आहे त्याला यातले गणित लगेच कळेल. करडे सील हा विषाणू अंगावर बाळगतात पण क्वचित मरतात. ते दूरवर पोहतात आणि रोग एका वसाहतीतून दुसरीत नेत असावेत, असे संशोधक मानतात. २०१९मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने याला आणखी एक धागा जोडला : उत्तर ध्रुवाकडचा बर्फ कमी झाला त्या वर्षांनंतर उत्तर पॅसिफिकमधल्या सील, समुद्रसिंह आणि पाणमांजरांत या विषाणूचा संसर्ग वाढलेला दिसला. बर्फाची भिंत हटली की अटलांटिकचे रोग पॅसिफिकला जातात.

किनाऱ्यावरचे शव

समुद्रात मेलेला प्राणी बहुतेक वेळा बुडतो किंवा खाल्ला जातो. किनाऱ्याला लागतो तो थोडा भाग. त्यामुळे हाती आलेल्या प्रत्येक शवाला फार किंमत असते. पशुवैद्यक आधी शवाची अवस्था ठरवतो. जिवंत म्हणजे १, ताजे मेलेले २, मध्यम कुजलेले ३, फार कुजलेले ४, वाळलेले किंवा सांगाडा उरलेले ५. विषाणूचा शोध घ्यायला २ क्रमांकाचे शव उत्तम. इथे एक गोष्ट अनुभवी माणसालाही चकवते : देवमाशाची कातडी वरून धड दिसते, पण खालचा चरबीचा जाड थर उष्णता बाहेर जाऊ देत नाही. आतली इंद्रिये त्या उबेतच झपाट्याने कुजतात. कोकणातल्या उन्हात हा वेळ आणखी कमी.

फुप्फुस, लसीकाग्रंथी, प्लीहा, मूत्रपिंड, यकृत, मेंदू यांचे तुकडे दोन वाटण्या करून घेतात. एक फॉर्मॅलिनमध्ये, सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासाठी, आणि दुसरी गोठवून, जंतूचे जनुकीय अंश शोधणाऱ्या पीसीआर चाचणीसाठी. गोठवायला द्रव नायट्रोजन चांगला. कोल्हापूरकडच्या गावांत कृत्रिम रेतनासाठी रेतमात्रा ठेवायचे नायट्रोजनचे कंटेनर लोकांनी पाहिलेले असतात. उणे १९६ अंशांवर काम करणारी तीच सोय समुद्रकिनारी मात्र सहज मिळत नाही. मेंदूचा नमुना घ्यायला कवटी उघडावी लागते आणि ते काम कष्टाचे असल्याने बरेचदा टाळले जाते. हे टाळू नये. मॉर्बिलिव्हायरस आणि ब्रुसेला (सांसर्गिक गर्भपाताचा जिवाणू) दोन्ही मेंदूत लपतात.

पीसीआरमध्ये जंतू सापडला म्हणजे मृत्यूचे कारण सापडले, असे मानणे ही या क्षेत्रातली सर्वांत मोठी चूक. जाळ्याचे वळ, जहाजाच्या धडकेने मोडलेल्या फासळ्या, पोटातले प्लास्टिक हे सगळे पाहून, ऊतींत रोगाच्या खुणा आहेत का हे तपासूनच निष्कर्ष काढायचा असतो. जिवंत प्राण्यांचे नमुनेही आता मिळतात : बाणाच्या टोकाने घेतलेला कातडीचा कण, किंवा देवमाशाच्या उच्छ्वासाच्या फवाऱ्यातून ड्रोनने गोळा केलेले थेंब.

जमिनीवरून समुद्रात

कॅलिफोर्नियातली सागरी पाणमांजरे टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीने मरत होती. हा परजीवी आपले जीवनचक्र फक्त मांजराच्या कुळात पूर्ण करतो. मांजराच्या विष्ठेतली त्याची टणक अंडी पावसाच्या पाण्याबरोबर ओढ्यांतून समुद्रात जातात आणि शंख-शिंपल्यांतून पाणमांजराच्या पोटात. गोड्या पाण्याचा मोठा लोंढा जिथे समुद्राला मिळतो, तिथल्या पाणमांजरांत संसर्गाची शक्यता सुमारे तिप्पट आढळली. समुद्राला पाऊल न लावलेले मांजर समुद्रातल्या प्राण्याला मारते. सांडपाणी आणि कचरा ओढ्यात सोडताना हे कुणाच्या ध्यानात येत नाही, आणि ते यायला हवे.

लेप्टोचे जिवाणू कॅलिफोर्नियाच्या समुद्रसिंहांत १९७०पासून माहीत आहेत. दर काही वर्षांनी साथ येते, मूत्रपिंडे निकामी होतात. पंचगंगेच्या महापुरानंतर चिखलात काम करणाऱ्यांना ज्या रोगाबद्दल सावध करतात, तोच हा. सांसर्गिक गर्भपाताचा ब्रुसेला १९९४मध्ये सागरी सस्तन प्राण्यांत प्रथम सापडला आणि २००७मध्ये त्यातल्या दोन जातींना स्वतंत्र नावे मिळाली. क्षयाची गोष्ट तर उलट दिशेची. पेरूमधल्या सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या मानवी सांगाड्यांत सापडलेला क्षयाचा जिवाणू सीलच्या जिवाणूशी सर्वांत जवळचा निघाला, असे २०१४मध्ये दाखवण्यात आले.

प्रदूषणाचा संशय १९८८मध्ये अगदीच निराधार नव्हता. नेदरलँड्समध्ये नंतर सीलच्या एका गटाला दूषित बाल्टिक समुद्रातली हेरिंग मासळी आणि दुसऱ्याला स्वच्छ अटलांटिकमधली मासळी दीर्घकाळ खाऊ घातली. बाल्टिकची मासळी खाणाऱ्यांची प्रतिकारशक्ती स्पष्टपणे क्षीण झाली. विषाणू मारतो, पण किती मारतो हे त्या शरीराची आधी काय दशा झाली आहे यावरही ठरते.

बर्ड फ्लूची नवी लाट

महाराष्ट्राला बर्ड फ्लू कळला तो फेब्रुवारी २००६मध्ये नवापूरला कोंबड्या मारल्या गेल्या तेव्हा. त्याच एच५एन१ विषाणूचा नवा प्रकार २०२२च्या अखेरीस दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावर पोहोचला. पेरूत आधी पेलिकन आणि इतर समुद्रपक्षी मेले, नंतर समुद्रसिंह. खंडभरात किमान २४ हजार समुद्रसिंह गेले असा अंदाज आहे. २०२३मध्ये अर्जेंटिनाच्या वाल्देस द्वीपकल्पावर हत्ती सीलची त्या वर्षीची जवळजवळ सगळी पिल्ले, म्हणजे १७ हजारांहून अधिक, मेली. विषाणूच्या जनुकीय अभ्यासातून तो सस्तन प्राण्यांत एकाकडून दुसऱ्याकडे गेल्याचे भक्कम पुरावे मिळाले. माणसाच्या दृष्टीने या क्षेत्रातली सर्वांत गंभीर घडामोड हीच.

इतर प्राणी

हिरव्या कासवांना नागीणवर्गीय विषाणूशी जोडलेल्या गाठी होतात. डोळ्यांवर आल्या तर कासव उपाशी मरते. कोळंबीचा पांढऱ्या ठिपक्यांचा रोग भारतीय तळ्यांत १९९४च्या सुमारास आला आणि त्याने शेतकऱ्यांना कर्जात लोटले. तो माणसाला होत नाही. उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर २०१३पासून तारामासे झडून मरू लागले, त्याचे कारण २०२५मध्ये निश्चित झाले : कॉलऱ्याच्या जिवाणूच्याच व्हिब्रिओ गटातला एक जिवाणू.

लस

भावकीतल्या एका विषाणूची लस दुसऱ्याला अडवू शकते, हा अनुभव पशुवैद्यकाला जुना आहे. २०२२मध्ये लंपीची मोठी साथ आली तेव्हा गुरांना शेळ्यांच्या देवीची लस दिली गेली. नेदरलँड्समध्ये १९८८च्या साथीत कुत्र्यांच्या डिस्टेंपरची, मेलेल्या विषाणूपासून केलेली लस सीलना देऊन पाहिली आणि ती उपयोगी ठरली. हवाई बेटांवरचे मंक सील जगात सुमारे १,६०० उरले आहेत. तिथे साथ यायची वाट न पाहता २०१६पासून त्यांना डिस्टेंपरची लस टोचली जाते. किनाऱ्यावर झोपलेल्या सीलजवळ लांब काठीला लावलेली सुई घेऊन जायचे, टोचायचे आणि काही आठवड्यांनी तोच सील ओळखून दुसरा डोस द्यायचा. वन्य सागरी प्राण्यांच्या एका अख्ख्या जातीला वाचवण्यासाठी झालेले हे पहिले लसीकरण आहे. डॉल्फिनच्या बाबतीत हे शक्य नाही, ते किनाऱ्यावर येऊन झोपत नाहीत.

पश्चिम किनारा आणि कोल्हापूर

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर कुबडे डॉल्फिन, बिनपराचे शिंशुक, ब्रायडचे देवमासे आणि ऑलिव्ह रिडले कासवे आढळतात. डॉल्फिन, देवमासे आणि सागरी कासवे यांना १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. नोव्हेंबर २०२३मध्ये गणपतीपुळ्याला देवमाशाचे पिल्लू वाळूत अडकले. वनविभाग, मच्छीमार आणि गावकरी यांनी रात्रंदिवस झटून त्याला पाण्यात नेले, पण ते वाचले नाही. कोल्हापूरहून सुट्टीला गेलेली किती तरी कुटुंबे त्याच किनाऱ्यावर उभी असतात.

किनाऱ्याचे मत्स्यशिक्षण रत्नागिरीच्या मत्स्य महाविद्यालयात, सागरी मासेमारीचे संशोधन कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेकडे, आणि कोल्हापूरला जवळचे पशुवैद्यकीय महाविद्यालय शिरवळला. शिवाजी विद्यापीठात प्राणिशास्त्र शिकणारा आणि शिरवळला जनावरे तपासणारा असे दोन विद्यार्थी एका शवाजवळ उभे राहिले, तर या शाखेला लागणारी निम्मी माणसे तिथेच मिळतील. घाटावरच्या डॉक्टरांना बुळकांडी व पीपीआरचा जो वारसा आहे, तो किनाऱ्यावर कामी यावा असे या क्षेत्राकडे पाहणाऱ्याला मनापासून वाटते.

किनाऱ्यावर प्राणी अडकलेला किंवा मेलेला दिसल्यास हात लावू नये, कुत्री जवळ जाऊ देऊ नयेत, फोटोसाठी मुलांना त्याच्यावर बसवू नये. जिवंत प्राण्याला आपल्या मनाने पाण्यात ढकलू नये. तो आजारी असेल तर पुन्हा लागतो. जिवंत डॉल्फिन किंवा देवमासा असेल तर थेट हात न लावता कातडीवर ओले फडके ठेवावे, पण डोक्यावरचे श्वासाचे छिद्र उघडे राहील याची काळजी घ्यावी, आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर ठिकाण, वेळ आणि प्राण्याची स्थिती कळवावी.