२१ दिवसांत सवय लागत नाही

जूनमध्ये शाळा-कॉलेजं सुरू झाली की ‘फक्त २१ दिवस पहाटे उठा, आयुष्य बदलेल’ असले फॉरवर्ड फिरू लागतात. २१ दूर्वा, २१ मोदक आपल्या ओळखीचे, त्यामुळे आकडा चटकन पटतो. पण तो आला प्लास्टिक सर्जरीतून. मॅक्सवेल मॉल्ट्झ या अमेरिकी सर्जनने १९६० साली लिहिलं, की शस्त्रक्रियेनंतर नव्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णाला किमान २१ दिवस लागतात. पुढे ‘किमान’ गळालं, आणि चेहऱ्याच्या जागी अभ्यासापासून व्यायामापर्यंत काहीही आलं.

लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी हे मोजून पाहिलं. ९६ जणांनी एकेक नवी कृती निवडली: दुपारच्या जेवणासोबत फळ, रात्रीच्या जेवणाआधी १५ मिनिटं धावणं वगैरे. ती विचार न करता आपोआप होते का, याची ८४ दिवस नोंद ठेवली. ज्यांच्या नोंदींवर वक्र नीट बसला, त्यांना सवय जवळपास पूर्ण लागायला किती दिवस लागले याचा मध्यांक (अर्ध्यांना याहून कमी, अर्ध्यांना जास्त) निघाला ६६ दिवस. टोकं होती १८ आणि २५४. हा २५४ अर्थातच आलेख पुढे वाढवून काढलेला.

खरी गंमत आलेखाच्या आकारात आहे. पूर्ण सवयीपासून आपण जितके दूर, त्या अंतराचा ठरावीक हिस्सा रोज कापला जातो. अंतर १०० आणि हिस्सा ५ टक्के धरा. पहिल्या दिवशी ५ गुण पदरात पडतात. २१ दिवसांनी ३४ गुण बाकीच असतात आणि रोजची कमाई पावणेदोनच्या आत आलेली असते. ९५ गुण गाठायला ५९ दिवस लागतात. म्हणजे ‘आता काही फरकच पडत नाही’ असं वाटून पोरं सोडून देतात, ते नेमकं या उताराला लागलेल्या कमाईमुळे. एखादा दिवस चुकल्याने मात्र लॅलींच्या प्रयोगात फारसं बिघडलं नाही.

मेंदूत सवय लागण्याचं हे काम स्ट्रायटम या भागात चालतं. एमआयटीत अ‍ॅन ग्रेबिएल यांनी उंदरांना टी-आकाराच्या वाटेत पळवलं. आवाज ऐकून डावीकडे की उजवीकडे हे ठरवायचं, मग चॉकलेट. सुरुवातीला तिथल्या चेतापेशी वाटभर सक्रिय असत. सराव झाल्यावर ही सक्रियता मुख्यतः सुरुवातीला आणि शेवटाला उरली. सगळी धाव एकच गठ्ठा झाली, आणि सुरुवातीची खूण मिळाली, की तो अख्खा गठ्ठा आपोआप सुरू होतो.

म्हणून ‘संध्याकाळी अभ्यास करीन’ हा संकल्प फसतो. त्यात खूणच नाही. त्याऐवजी असं लिहून काढा: ‘क्लासहून येऊन दप्तर टेबलावर ठेवलं, की तिथेच बसून गणिताची दोन उदाहरणं सोडवीन.’ वही आधीच उघडून ठेवा, मोबाइल दुसऱ्या खोलीत. घड्याळाची वेळ ही कच्ची खूण, कारण घड्याळाकडे लक्ष ठेवणं हेच आणखी एक काम होऊन बसतं. दिवाळीच्या सुट्टीत क्लास बंद, म्हणजे खूणही गेली. तेव्हा जेवणाचं ताट घासायला टाकणं ही खूण धरा. होस्टेलला गेल्यावर घरच्या सवयी मोडतात त्या याच कारणाने, आळसाने नव्हे.

दर रविवारी स्वतःला दहापैकी गुण द्या, पण किती उदाहरणं सुटली याचे नव्हे, बसायची आठवण किती कमी वेळा करून द्यावी लागली याचे. आठ-नऊ गुण टिकू लागले, की दोनाची पाच उदाहरणं करा. आपोआप होतं ते फक्त बसणं. उदाहरण सोडवायला डोकं रोज नव्याने लागतंच.