पार्श्वभूमी : चंद्रावर जाऊन आलेलं, पण नासाचं नसलेलं बुलोवा

ऑक्टोबर 2015 मध्ये बॉस्टनच्या आरआर ऑक्शनने एक हातघड्याळ लिलावात काढलं आणि ते 16 लाख 25 हजार डॉलरला गेलं, म्हणजे त्या वेळच्या भावाने साडेदहा कोटी रुपयांच्या आसपास. सोनं नाही, हिरे नाहीत, तबकडीवर बुलोवा या अमेरिकन कंपनीचं नाव आणि खाली एक लांबलचक वेल्क्रोचा पट्टा. बुलोवाची जुनी घड्याळं जमवणारे लोक काही कमी नाहीत, पण त्यांच्या बाजारात एवढा आकडा कोणी ऐकलेला नव्हता. किंमत आली ती दोन कारणांनी. एक तर हा प्रोटोटाइप होता, म्हणजे कंपनीने करून बघितलेला नमुना, दुकानात कधी आलाच नाही. आणि दुसरं म्हणजे 2 ऑगस्ट 1971 ला अपोलो 15 चा कमांडर डेव्हिड स्कॉट हे घड्याळ हातावर बांधून चंद्राच्या जमिनीवर फिरला होता. चंद्राच्या जमिनीवर वापरलेलं आणि खासगी मालकीचं असलेलं हे एकमेव घड्याळ.

आता कुणीही विचारेल की चंद्रावर तर ओमेगा कंपनीचं घड्याळ गेलं होतं ना, मग हे बुलोवा मधेच कुठून आलं? त्यासाठी जरा मागे जावं लागतं.

अमेरिकेच्या अंतराळ कार्यक्रमाच्या सुरुवातीला घड्याळाचा काही ठाम नियम नव्हता, ज्याला जे आवडेल ते. मे 1962 मध्ये अंतराळवीर स्कॉट कार्पेंटरने 24 तासांच्या तबकडीचं ब्राइटलिंग नेलं, परत येताना समुद्रात उतरल्यावर त्यात पाणी गेलं. ऑक्टोबर 1962 मध्ये वॉली शिराने स्वतःचं ओमेगा स्पीडमास्टर नेलं. मे 1963 मध्ये गॉर्डन कूपरच्या अंगावर तर दोन होती, एक ओमेगा आणि एक बुलोवाचं ॲक्युट्रॉन. हे चालेना, कारण पुढे अंतराळवीर यानाबाहेर पडणार होते आणि तिथे कॉम्प्युटर किंवा यानातलं घड्याळ बंद पडलं तर मनगटावरच्या स्टॉपवॉचवरच भरवसा. म्हणून 1964 मध्ये नासाने कंपन्यांकडून क्रोनोग्राफ, म्हणजे स्टॉपवॉच असलेली मनगटी घड्याळं, मागवले. शेवटी चाचणीला तीनच उरले : रोलेक्स, लाँजिन्स-विटनॉअर आणि ओमेगा. हॅमिल्टनने खिशातलं घड्याळ पाठवलं म्हणतात, मनगटी मागितलेलं असताना, ते अर्थात बाहेर.

चाचण्या अकरा होत्या आणि सरळसरळ छळ होता. 71 अंशांत दोन दिवस ठेवायचं, मग 93 अंशांत अर्धा तास, मग थंडीत, मग निर्वात, दमट हवा, निव्वळ ऑक्सिजन, धक्के, कंपनं. रोलेक्स दमट हवेत थांबलं, उष्णतेत त्याचा काटा वाकून दुसऱ्यात अडकला. लाँजिन्सची काच वाकून निघाली. ओमेगा चालत राहिलं (थोडं पुढेमागे होत, पण चालत) आणि 1 मार्च 1965 ला नासाने त्याला पास केलं. पुढची सगळी कहाणी, ओमेगाला मून वॉच (चंद्रावरचं घड्याळ) म्हणू लागले वगैरे, सगळ्यांना पाठ आहे.

यात बुलोवाची पंचाईत बघा. बुलोवा म्हणजे अमेरिकेतलं घराघरातलं नाव, 1875 पासून न्यूयॉर्कमध्ये. 1960 मध्ये त्यांनी ॲक्युट्रॉन आणलं, ज्यात बॅलन्स व्हीलऐवजी (चावीच्या घड्याळात मागेपुढे फिरून वेळ मोजणारं चाक) सेकंदाला 360 वेळा थरथरणारा छोटा ट्यूनिंग फोर्क, म्हणजे दोन दांड्यांचा धातूचा चिमटा, टिकटिक नाही, नुसती गुणगुण, आणि महिन्याला मिनिटभराची अचूकता. नासाला ते तंत्र आवडलं होतं, यानातल्या पॅनेलवरची घड्याळं ॲक्युट्रॉनची होती, अपोलो 11 ने चंद्रावर ठेवलेल्या भूकंपमापक यंत्रातला टायमरही बुलोवाचाच. म्हणजे बुलोवा चंद्रावर पोचलेलं होतं, पण एका खोक्यात, कोणाला दिसणार? फोटोत येतं ते मनगटावरचं. आणि मनगटासाठी नासाला हवा होता क्रोनोग्राफ, बटण दाबलं की सुरू, परत दाबलं की बंद, तो ट्यूनिंग फोर्कवाल्या ॲक्युट्रॉनमध्ये नव्हता.

त्यात बुलोवाच्या अध्यक्षपदी कोण, तर जनरल ओमर ब्रॅडली, दुसऱ्या महायुद्धातले मोठे सेनानी, वॉशिंग्टनमध्ये शब्दाला वजन असलेला माणूस. सरकारी पैशाने घ्यायचं तर अमेरिकन माल घ्या, तसा कायदाच आहे, हा मुद्दा बुलोवाने बरीच वर्षं लावून धरला. गंमत म्हणजे ओमेगाचं गाव स्वित्झर्लंडमधलं बील, आणि बुलोवाचाही मोठा कारखाना त्याच बीलमध्ये, ॲक्युट्रॉनचा इंजिनिअर मॅक्स हेट्झेल तिथेच काम करायचा. म्हणजे देशी-विदेशी म्हणून जे भांडण वॉशिंग्टनमध्ये चाललं होतं त्यातले दोघेही एकाच गावचे शेजारी 😄

तर हा जो प्रोटोटाइप आहे तो या धडपडीतून आलेला. मॉडेल नंबर 88510/01. कंपनीच्या माणसाने तो स्कॉटला दिला, बघा वापरून म्हणून. स्कॉटने तो मोहिमेवर नेला आणि नेताना नासाची रीतसर परवानगी घेतली नाही. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे सगळं यावरच फिरतं.

अपोलो 15 जुलै 1971 च्या शेवटी निघालं. चंद्रावर तीन वेळा बाहेर पडायचं होतं, सोबत पहिल्यांदाच ती चार चाकांची रोव्हर गाडी. दुसरी फेरी सात तासांच्या वर चालली, आणि परत आत आल्यावर लक्षात आलं की स्कॉटच्या नासाने दिलेल्या ओमेगाची काच निघून पडलीय. ती काच म्हणजे काच नसतेच, हेसालाइट नावाचं ॲक्रिलिक असतं, मुद्दाम तसं, कारण खरी काच फुटली तर यानात तुकडे तरंगत राहतील आणि कोणाच्या डोळ्यात जातील. हे ॲक्रिलिक घड्याळाच्या डबीच्या, म्हणजे केसच्या, कडेत दाबून बसवलेलं असतं. पृथ्वीवर पाणी आणि हवा ते बाहेरून आत दाबतात त्यामुळे ते अजून घट्ट बसतं, चंद्रावर उलटं, बाहेर काहीच नाही आणि केसमधली हवा आतून बाहेर रेटते, वर उन्हाची तापणूक. काच ही अशा घड्याळाची सगळ्यात कमकुवत जागा का, ते यावरून कळतं.

मग तिसऱ्या फेरीला स्कॉटने बॅगेतलं बुलोवा बांधलं. ही फेरी पाच तासांना दहा मिनिटं कमी. याच फेरीच्या शेवटी त्याने टीव्ही कॅमेऱ्यासमोर एका हातात हातोडी आणि दुसऱ्या हातात ससाण्याचं पीस धरून दोन्ही एकदम सोडलं आणि दोन्ही एकाच वेळी खाली पडलं, गॅलिलिओ बरोबर होता म्हणून. शाळेत हा व्हिडिओ दाखवतात, तेव्हा सगळे पिसाकडे बघतात, घड्याळवाले मनगटाकडे.

परत आल्यावर मात्र वेगळंच महाभारत झालं. या क्रूने 398 टपाल पाकिटं गुपचूप चंद्रावर नेऊन आणली होती, त्यातली 100 एका जर्मन तिकीट-व्यापाऱ्याकडे पोचली आणि विकायला निघाली. 1972 मध्ये ते उघडकीला आलं, चौकशी झाली, सिनेटपर्यंत गेलं, तिघांना ठपका बसला आणि त्यातला कोणीही पुन्हा अंतराळात गेला नाही. बुलोवाची विनापरवाना घड्याळं नेल्याची गोष्टही याच काळात बाहेर आली. कंपनीला याची जाहिरात करायची सोय उरली नाही, चंद्रावर घड्याळ जाऊनही तोंडावर बोट. नासाने 1972 मध्ये परत घड्याळं तपासली, निकाल परत ओमेगा, 1978 मध्ये स्पेस शटलसाठी परत तेच. बुलोवाचा प्रोटोटाइप स्कॉटकडेच पडून राहिला, चाळीसहून जास्त वर्षं.

आता मालकीचं बघू, कारण लिलावात माल असली आहे का याच्या इतकाच तो तुमचा आहे का हा प्रश्न येतो. नासाने वाटलेली ओमेगा घड्याळं सरकारी मालमत्ता होती, नंतर बहुतेक स्मिथसोनियन संग्रहालयाकडे गेली (बझ ऑल्ड्रिनचं वाटेत गहाळ झालं, अजून सापडत नाही, आणि नील आर्मस्ट्राँगने तर आपलं बाहेर नेलंच नव्हतं, यानातला टायमर बिघडला म्हणून आतच ठेवलं). अंतराळवीरांनी जपलेल्या वस्तूंवरून बरेच वाद झाले. 2011 मध्ये अंतराळवीर जिम लव्हेलने आपल्या अपोलो 13 मोहिमेची चेकलिस्ट विकली, तीन लाख 88 हजार डॉलर आले आणि नासाने विचारलं, ही वस्तू तुमची आहे याचा कागद आहे का? एवढा गदारोळ झाला की सप्टेंबर 2012 मध्ये वेगळा कायदा करून जुन्या अंतराळवीरांना अशा वस्तूंचा हक्क द्यावा लागला.

स्कॉटच्या बुलोवाला हा त्रास नव्हता. ते नासाने दिलंच नव्हतं, कधी सरकारी यादीत चढलंच नव्हतं. म्हणजे परवानगी न घेता नेलं म्हणून जे घड्याळ त्या वेळी अडचणीचं झालं, तेच त्याच कारणाने 44 वर्षांनी विकता आलं. नियमात बसवून नेलं असतं तर आज एखाद्या संग्रहालयाच्या काचेमागे असतं आणि त्याची किंमत लावायचा प्रश्नच आला नसता. मला तरी या सगळ्या प्रकरणात हीच गोष्ट सगळ्यात भारी वाटते.

तपासणीचं म्हणाल तर प्रोटोटाइप तपासणं हे नेहमीच्या जुन्या घड्याळापेक्षा अवघड असतं. नेहमीच्या घड्याळाला मागचं झाकण उघडलं की मशीनवर नंबर, तो कंपनीच्या जुन्या रजिस्टरशी ताडून बघायचा, कोणत्या साली कुठल्या देशात पाठवलं ते कळतं. मग केसचा संदर्भ क्रमांक, काट्यांचा आकार, तबकडीवरचा चमकणारा रंग त्या सालचा आहे का, असं एकेक. प्रोटोटाइप विक्रीला पाठवलेलाच नसतो, मग रजिस्टरात त्याची अशी नोंद कुठून येणार? तो चार ठिकाणचे भाग जोडून केलेला असू शकतो, म्हणजे नेहमीच्या घड्याळात जो दोष मानतात तो इथे स्वाभाविक. त्यामुळे सगळा भार येतो कागदांवर, फोटोंवर आणि मालकांच्या साखळीवर.

स्कॉटच्या घड्याळात ही साखळी एका कडीची होती : कंपनीकडून स्कॉटला, स्कॉटकडून लिलावाला, मधे कोणी व्यापारी नाही. सोबत त्याचं सहीचं पत्र. आणि अजून एक बारीक खूण, जी मला पत्रापेक्षा बोलकी वाटते, ती म्हणजे पट्टा. त्याच्यावर एसईबी12100030-202 असा क्रमांक आहे, म्हणजे नासाच्या पुरवठ्यातला पट्टा. फुगलेल्या स्पेससूटच्या बाहीवरून गुंडाळता यावा म्हणून तो इतका लांब, नुसत्या मनगटावर तो दोनदा फिरेल. घड्याळ खासगी आणि पट्टा नासाचा, ही विजोड जोडीच सांगते की काच गेलेल्या ओमेगाच्या जागी हे बांधलं गेलं. हातच्या कांकणाला आरसा कशाला म्हणतात, पण या धंद्यात आरसा, भिंग, एक्स-रे सगळं लागतं.

आणि का लागतं त्याचं उदाहरण ओमेगाचंच आहे. नोव्हेंबर 2021 मध्ये जिनेव्हाला फिलिप्स या लिलाव कंपनीच्या लिलावात 1957 च्या पहिल्या पिढीतलं एक स्पीडमास्टर, तबकडी उन्हाने चॉकलेटी झालेली, 31 लाख 15 हजार स्विस फ्रँकला गेलं. अंदाज होता 80 हजार ते एक लाख 20 हजार. घेणारी होती खुद्द ओमेगा, स्वतःच्या म्युझियमसाठी. 2023 मध्ये अभ्यासकांनी शंका काढल्या, तपास झाला आणि कळलं की वेगवेगळ्या घड्याळांचे भाग जुळवून ते बनवलेलं, आणि त्यात कंपनीच्याच माजी कर्मचाऱ्यांचा हात होता असं कंपनीने सांगितलं. कंपनीचं रेकॉर्ड, कंपनीचे तज्ज्ञ, कंपनीचेच पैसे, तरी फसगत. तेव्हापासून नुसता कंपनीच्या आर्काइव्हचा (जुन्या रजिस्टरातल्या नोंदीचा) कागद दाखवला तर गंभीर गिऱ्हाईक मान हलवत नाही, त्या नंबरचं घड्याळ आधी कुठे, कोणत्या फोटोत दिसलं होतं ते विचारतात.

लिलावानंतर बुलोवाला अखेर तोंडावरचं बोट काढता आलं. 2016 मध्ये त्यांनी त्याच चेहऱ्याचं घड्याळ बाजारात आणलं, लूनर पायलट नावाने आज मिळतं ते. आत मात्र चावीचं मशीन नाही, 262 किलोहर्ट्झचं क्वार्ट्झ (बॅटरीवर चालणारं, स्फटिकाच्या कंपनांवर वेळ मोजणारं मशीन) आहे, नेहमीच्या क्वार्ट्झच्या आठ पट वेगाने कंपणारं. चावीच्या घड्याळांचे भक्त त्यावर नाक मुरडतात, पण ॲक्युट्रॉनवाल्या कंपनीने असंच काहीतरी करावं हे मला बरोबर वाटतं. किंमतही काही शेकडा डॉलरच, त्यामुळे नवीन शौकीन बहुतेक इथूनच सुरुवात करतात आणि मग ओमेगावाल्यांशी वाद घालत बसतात.